क्षमा म्हणजे सूट नव्हे

ख्रिस्ती धर्मात पाप करावे, कबूल करावे आणि मोकळे व्हावे अशी सोय आहे. आमच्या धर्मात मात्र केलेले कर्म भोगावेच लागते, हा आक्षेप सुशिक्षित घरांतून इतक्या सहज ऐकू येतो की, तो तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटत नाही. आमच्या मते हा आक्षेप ऐकीव आहे. आणि त्याहून वाईट हे की, त्यात विचारापेक्षा आत्मस्तुतीच अधिक आहे.

नागपूरहून राजनांदगावास जाणारा लोहमार्ग आमच्या भंडारा जिल्ह्यातून जातो. याच मार्गाच्या प्रवासात ना. वा. टिळकांस एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी आप्त तुटले, पत्नी दुरावली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांस त्या वियोगाची किंमत सांगावयास नको. स्वस्तात मोकळे होण्यासाठी कोणी एवढे मोल देत नाही.

आता मूळ सिद्धान्त पाहू. सावकाराने कर्ज सोडले म्हणजे ते पैसे हवेत विरत नाहीत. ते सावकाराच्याच पदरचे जातात. क्षमेचेही तसेच आहे. मनुष्याच्या पापाचा बोजा देवाने आपल्या अंगावर घेतला, असे ख्रिस्ती मनुष्य मानतो. वधस्तंभ ही त्याच्या दृष्टीने त्या नुकसानीची खूण होय. ही श्रद्धा कोणास पटो वा न पटो. पण तिला ‘फुकटची’ म्हणणे हे अज्ञान आहे.

बरे, क्षमा मिळालेल्याचे पुढे काय होते? लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय आपले अर्धे धन गरिबांस देतो आणि ज्यांस लुबाडले त्यांस चौपट परत करतो. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरल्यावरची ही गोष्ट आहे. म्हणजे परतफेड हे क्षमेचे मोल नव्हे, तिचे फळ होय. येशूच्या शेजारी खिळलेल्या चोरास सुखलोकाचे आश्वासन मिळाले. पण त्याला खांबावरून खाली कोणी उतरविले नाही! कर्माचे फळ चुकले कोठे?

क्षमेचा बाजार ख्रिस्ती जगात कधी भरलाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण १५१७ साली पापमोचनपत्रांच्या विक्रीवर तुटून पडला तो मार्टिन ल्यूथर ख्रिस्ती संन्यासीच होता. १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ ही चर्चची वैरीण आहे असे लिहिणारा बोनहोफर हाही ख्रिस्ती पाद्रीच. १९४५ साली नाझींनी त्याला फासावर दिले.

आणि आमच्या घरचे काय? मरतेवेळी मुलाला ‘नारायण’ अशी हाक मारून यमदूतांच्या हातून सुटलेला अजामिळ भागवतातलाच ना? तोही पुढे गंगाद्वारी जाऊन साधना करतो, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. पर्वणीचे स्नान करून पाप धुतले असे मानणाऱ्याने दुसऱ्याच्या क्षमेस स्वस्त म्हणावे, हे शोभत नाही.

खरा प्रतिपक्ष वेगळाच आहे. बुद्ध हा मोक्षदाता नव्हे, मार्गदाता होय, असे डॉ. आंबेडकरांनी मांडले. आमच्या पवनीस ज्यांचे प्राचीन स्तूप उत्खननात सापडले, त्या बौद्धांच्या परंपरेस कोणा तारकाची अपेक्षा नाही. ती भूमिका सुसंगत आहे. तिच्याशी ख्रिस्ती मताचा वाद खराखुरा होऊ शकतो. देवापाशी दया मागावयाची आणि शेजाऱ्याच्या दयेस हसावयाचे, या आमच्या भूमिकेस मात्र कोणतेच शास्त्र आधार देत नाही.

वेदीपाशी अर्पण घेऊन आला असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, अशी येशूची शिकवण आहे. बांधाच्या वितीसाठी सख्ख्या भावावर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालविणाऱ्या आमच्या घरांनी ही अट एकदा पाळून पाहावी. मग क्षमा स्वस्त आहे की महाग, याचा निर्णय त्यांनी खुशाल द्यावा.