पोटरीचें काम

गेल्या पावसाळ्यांत माझा उजवा गुडघा दुखावला आणि खडकवासल्याच्या धरणाकाठचें फिरणें बंद झालें. सूनबाई पाण्याचा तांब्यासुद्धां हातांत आणून देई. सहा आठवड्यांनीं पाहतों, तों उजवी पोटरी डावीहून बारीक!

सुश्रुतानें शरीरांत पांचशें पेशी सांगितल्या. त्यांतील चारशें हातापायांत. (त्याचा ‘स्नायु’ म्हणजे बंध; मराठीनें तें नांव पेशींस दिलें. असो.) आजचें शास्त्र हाडांस जोडलेले स्नायू सहाशेंहून अधिक मानतें. हे आपल्या इच्छेनें चालतात. जठर, आंतडीं, रक्तवाहिन्या यांच्या भित्तींतील स्नायू आपणांस विचारीत नाहींत. तिसरा हृदयाचा, तोही विचारीत नाहीं, आणि विसांवा घेतो तो दोन ठोक्यांमधलाच.

मात्र या हृदयाला पोटरीचें साह्य लागतें. पायांतील रक्त वर चढावयाचें असतें. पोटरी आवळली कीं आंतल्या शिरा दाबल्या जातात, व शिरांतील झडपा तें रक्त खालीं परतूं देत नाहींत. आमच्या जलाशयापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची कोनशिला १९४९ सालीं बसली. तेथल्या कवायतीचा विषय निघाला कीं मला हेंच आठवतें. फार वेळ निश्चल उभा असलेला धट्टाकट्टा शिपाईही कधीं भोवळ येऊन पडतो. पोटरी स्वस्थ, म्हणून रक्त पायांत सांचतें व मेंदूस अपुरें पडतें. बुटांतल्या बुटांत बोटें हालविलीं, तरी उपयोग होतो.

साठीनंतर झिजलेला स्नायू भरून येण्यास वेळ लागतो, पण येतो. डॉक्टरांच्या अनुमतीनें मी भिंतीस हात टेकून रोज वीस वेळां टाचा उचलतों. तांब्याही माझा मीच घेतों. काल दोरीनें मोजलें. उजवी पोटरी अद्याप अर्धें बोट कमी भरली.