तळं तुमचं, पण मासा ओढ्याला लागला की गावाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण एप्रिल संपत आलाय, शेततळ्यांचे तळ दिसायला लागलेत आणि जुलैत पुन्हा मत्स्यबीज सोडायची घाई सुरू होणार. तेव्हा बोलून उपयोग नसतो, म्हणून आत्ताच लिहितोय.

आपल्या तालुक्याच्या शेतकरी ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक प्रश्न आला. इकडे फार्महाऊस घेतलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "लार्जमाउथ बासचं बी कुठे मिळेल? स्वतःचं तळं आहे, पाहुण्यांना गळ टाकायला ठेवायचाय." खाली भरपूर उत्तरं. कुणी म्हणालं कोलकात्याहून येतं, कुणी म्हणालं बास कशाला, मांगूर सोडा, काही केल्या मरत नाही. आणि एकाने लिहिलं, "त्यांचं तळं, त्यांचा पैसा, आपल्याला काय करायचंय?" त्याला सगळ्यात जास्त लाईक.

मला त्या लाईकवाल्या वाक्याबद्दल बोलायचंय.

आधी हा बास काय आहे ते. उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा. तोंड एवढं मोठं की त्यात मावेल ते गिळतो: मासे, बेडूक, खेकडे, कधी पाण्यावरचं पक्ष्याचं पिल्लूसुद्धा. तिकडे शेतातल्या तळ्यात बास सोडायची जुनी पद्धत आहे आणि ती बिनडोक नाही. अलाबामातल्या ऑबर्नला स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाने गेल्या शतकात त्याचा हिशोब बसवला. एकरी साधारण १००० ब्लूगिल आणि १०० बास. ब्लूगिल तळ्यातच भरमसाट पिलावळ काढतो, बास ती खाऊन आटोक्यात ठेवतो आणि दोन्ही मासे ताटात येतात. ही जोडी तिथल्याच नद्यांमधली.

आपल्याकडे तळ्यात काय असतं? कटला, रोहू, मृगळ. हे मासे साठलेल्या तळ्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणजे आटोक्यात ठेवायला पिलावळच नाही. तिथे बास सोडला तर तो काय खाणार? तुम्ही पैसे देऊन आणलेली बोटुकली. ती संपली की उपाशी बास पाणी सांडायची वाट बघणार. शिवाय परदेशी जिवंत मासा देशात आणायला केंद्राची परवानगी लागते. ग्रुपवर "ओळखीने मिळेल" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हे आधी दुसऱ्यांनी करून बघितलंय. १९२५ साली जपानमध्ये एका उद्योगपतीने आशी नावाच्या डोंगरातल्या सरोवरात अमेरिकेहून आणलेला बास सोडला. एका सरोवरापुरताच. पुढे हौशी गळवाल्यांनी तो डब्यातून इकडून तिकडे नेला आणि देशभर पसरला. बिवा हे जपानचं सगळ्यात मोठं सरोवर, तिथल्या मूळच्या माशांवर संक्रांत आली. आज तिथे पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला मनाई आहे, काठावर तो टाकायला पेट्या ठेवल्यात. २००५ पासून देशभर तो जिवंत नेणं, पाळणं, सोडणं हा गुन्हा आहे. ब्लूगिलची गोष्ट तर आणखी बोलकी. आकिहितो युवराज असताना १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. त्यांनी ते वाढवायला मत्स्य खात्याकडे दिले, तिथून ते पाण्यात गेले. २००७ मध्ये, सम्राट असताना, त्यांनी बिवाच्या काठी जाहीरपणे खेद व्यक्त केला. सम्राटाने खेद केला म्हणून मासा काही परत गेला नाही.

ग्वातेमालातल्या आतित्लान सरोवरात १९५८ च्या सुमारास बास सोडला, पर्यटक गळ टाकायला येतील म्हणून. बासने तिथले लहान मासे आणि खेकडे फस्त केले, ज्यावर काठचे गरीब लोक जगत होते. त्या सरोवराशिवाय जगात कुठेच नसलेली एक मोठी पाणडुबी होती, ती १९९० च्या आसपास नामशेष झाल्याचं जाहीर झालं. तिच्या अंताला बाकीही कारणं होती. पण सुरुवातीचा मोठा धक्का बासचा.

आता आपल्या दारात या. कारण बास येईल की नाही माहीत नाही, मांगूर आलेला आहे.

मी मांगूर म्हणतो तो आपल्या ओढ्यातला देशी मांगूर नव्हे. आफ्रिकेतला, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात तो. केंद्राने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करायला सांगितलं आणि आपल्या राज्यातही टनावारी मांगूर खड्ड्यात पुरला गेला. तरीही तो मिळतो. पिकअपमध्ये सिंटेक्सच्या टाक्या, वर हवेचा पंप, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, "साहेब, देशीच आहे." पिलं बोटाएवढी असताना साध्या नजरेला फरक पटकन कळत नाही. पावती मागितली की तो गाडी पुढे घेतो. माझ्यासमोर असं दोनदा झालंय.

लोक तो का घेतात हे मला नीट कळतं, उगाच शहाणपणा शिकवत नाही. झटपट वाढतो. पाणी घाण झालं तरी चालतं, कारण त्याला गिलांबरोबर हवेतून श्वास घ्यायची सोय आहे. कोंबडीच्या दुकानातली आतडी टाकली तरी वाढतो. मे महिन्यात गुडघाभर पाण्यातही तग धरतो. कर्ज काढून तळं केलेल्या माणसाला न मरणारा मासा म्हटल्यावर मोह होणारच.

पण तो मरत नाही हीच तर अडचण आहे! पावसाच्या रात्री ओल्या जमिनीवरून तो सरपटत जातो. तळ्याच्या बांधाला कुंपण असलं तरी सांडव्याला बहुतेकांच्या काहीच नसतं. सप्टेंबरचा एखादा ढग फुटला की तळं ओसंडतं, पाणी चारीत, चारी ओढ्यात, ओढा भीमेत, भीमा उजनीत. सातबारा तुमच्या नावावर असेल, पण ओसंडलेल्या पाण्याचा सातबारा कुठल्याच तलाठ्याकडे नाही. आणि उजनीच्या कडेला ज्यांची चूल जाळ्यावर पेटते त्यांना तुमच्या तळ्यातून एक रुपया मिळत नाही. नुकसान मात्र त्यांच्याच जाळ्यात येतं.

उजनीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्यातले निम्मे लोक भिगवणला जाऊन चिलापी खातात आणि ती इथलीच समजतात. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळ आफ्रिकेतली. भारतात पहिल्यांदा १९५२ साली आणली. तोंडात पिलं सांभाळते, दोन-तीन महिन्यांची झाली की स्वतः पिलं काढते, मग पाण्यात गर्दी होते आणि सगळ्या तळहाताएवढ्याच राहतात. जुन्या मच्छीमारांना विचारा, पूर्वी जाळ्यात वाम, मरळ, शिंगटा किती यायचे आणि आता किती. धरण, सांडपाणी, बारीक आसाची जाळी, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. एकट्या चिलापीवर खापर फोडणार नाही, आणि तिच्यावर आज कित्येक घरं चालतात हेही खरं. पण ती कुणालाही न विचारता आली आणि आता कुणाच्याही बापाला काढता येणार नाही. अलीकडे काचेच्या टाकीतला सकर मासाही उजनीत सापडतो. अंगावर चिलखत, काट्यांनी जाळं फाटतं, बाजारात भाव शून्य. कुणीतरी घरातली टाकी नकोशी झाली म्हणून नदीत ओतली असणार. तोही त्याचा खासगीच मासा होता.

इथे एक आक्षेप येणार, तो मीच मांडतो. कटला-रोहू-मृगळ तरी कुठे आपले? ते गंगेच्या खोऱ्यातले. बरोबर आहे. ते भीमेचे नाहीत आणि मी त्यांना धुतल्या तांदळाचे म्हणणार नाही. पण ते शिकारी नाहीत, तळ्यात पिलावळ काढत नाहीत, आणि गेली कित्येक दशकं आपल्या धरणांत सोडले जातायत. चुकून चार निसटले तर ओढ्यातलं सगळं खाऊन टाकत नाहीत. सगळेच परके सारखे नसतात. मांगूर आणि रोहू यांना एका मापाने मोजणं म्हणजे घरात आलेल्या पाहुण्याला आणि चोराला एकच चहा देणं.

उलटंही होतं. आपला डेक्कन महसीर, १८३९ मध्ये कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तो आपला अभिमानाचा मासा. लोणावळ्याच्या वळवणला त्याची पिलं यशस्वीपणे तयार झाली, मोठं काम झालं. ती पिलं देशात ठिकठिकाणी गेली, तशी कावेरीतही गेली. तिथे कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेच नाही. आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे आणि अभ्यासक जी कारणं देतात त्यात आपल्याकडून गेलेला हा भाऊबंद वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे प्रश्न देशी-विदेशीचा नाही. कुठल्या खोऱ्यातला मासा कुठल्या खोऱ्यात गेला, हा आहे. हेतू चांगला होता की वाईट, याने नदीला फरक पडत नाही.

मग तळ्यात सोडायचं काय? ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं धरा, "मागेल त्याला शेततळे"मध्ये बहुतेकांनी हेच केलंय. पाण्याचा पृष्ठभाग साधारण ९ गुंठे. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकलीच्या हिशोबाने या तळ्याला ४५० ते ९०० पुरतात. विकणारा तीन-चार हजार गळ्यात मारतो आणि मग "मासा वाढेना" म्हणून आपण डोक्याला हात लावतो. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळातलं, म्हणून तिघं मिळून सोडायचे. मत्स्यजिरे स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, बोटभर झालेली बोटुकलीच घ्या. प्लास्टिकच्या तळ्यात माती नसते, त्यामुळे शेणाची स्लरी आणि वरून भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड द्यावी लागते. थोडीच द्या, नाहीतर ठिबकचे फिल्टर तुंबून बसतील. ५०० मासे जगले आणि ८०० ग्रॅमचे झाले असं धरलं तरी चार क्विंटल होतात. पाणी आठच महिने टिकत असेल तर वजन कमी भरेल, तोही हिशोब आधीच करा. आणि ज्यांना गळाचीच हौस आहे त्यांनी मरळ पाळावा. शिकारी आहे, गळाला झुंज देतो, भाव उत्तम, आणि आपल्याच पाण्यातला. मात्र बोटुकलीबरोबर एकाच वेळी सोडू नका, नाहीतर बासचीच गोष्ट पुन्हा.

सरकारबद्दलही बोलायला हवं. तळं खोदायला अनुदान, अस्तरीकरणाला अनुदान, फोटो काढून अपलोड करायला ॲप. पण माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही मंजुरीपत्रावर "या तळ्यात काय सोडायचं नाही" अशी एक ओळ नव्हती. तळं कृषी खात्याचं, मासा मत्स्य खात्याचं, नदी तिसऱ्याचीच. आमच्या भागातल्या एका कार्यालयात बोटुकलीची चौकशी केली तर उत्तर मिळालं, "सध्या शिल्लक नाही, ऑक्टोबरला या." ऑक्टोबरमध्ये बोटुकली घेऊन मी मे महिन्यात काय काढू? पिकअपवाला मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात दारात उभा असतो. बंदी कागदावर आणि चांगलं बी वेळेवर नाही, असं असेल तर मांगूरच जिंकणार. नुसत्या धाडी टाकून शेतकऱ्याचं तळं उपसायचं आणि बी विकणाऱ्याला मोकळं सोडायचं, याला मी कारवाई म्हणत नाही.

आत्ताचं तातडीचं काम वेगळं आहे. ज्यांच्या तळ्यात मांगूर आहे त्यांनी पाणी तळाला गेलंय तेव्हाच तो काढावा. "जीव आहे, कशाला मारायचा" म्हणून ओढ्यात किंवा मंदिराच्या कुंडात सोडू नका, ते पुण्य नाही. खड्डा करा, चुना टाका, पुरा. चिखलात लपलेले राहतात, म्हणून तळ पूर्ण वाळू द्या. सांडव्याच्या पाइपला बारीक जाळी बांधा, खर्च किरकोळ आहे.

१ मेच्या ग्रामसभेत मी लेखी विषय देतोय: गावातल्या सगळ्या शेततळ्यांच्या सांडव्यांना जाळी, मत्स्यबीज फक्त पावतीने आणि गावाने मिळून एकत्र मागवायचं, आणि जुलैमध्ये बोटुकली मिळावी म्हणून मत्स्य खात्याला ठरावाची प्रत. एकत्र मागणी नोंदवली तर गाडीभाडंही वाटून जाईल. ज्यांची तळी आहेत त्यांनी खाली कमेंटमध्ये तळ्याचं माप आणि पाणी कितव्या महिन्यापर्यंत टिकतं एवढं लिहा, मी यादी करतो. बासवाल्या गृहस्थांनाही मी फोन केलाय, ते सभेला येतो म्हणालेत. सभा सकाळी झेंडावंदनानंतर लगेच आहे, चहा झाला की निघून जाऊ नका.