जिवंत लस जंगलात नेण्याआधी

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि पलीकडच्या गावांतले लसीकरणही अडते. गडचिरोली-चंद्रपूरच्या अशा दुर्गम भागासाठी सुई न लागणारी, तोंडावाटे देता येणारी लस सोयीची ठरेल. दुर्बल केलेल्या जिवाणूंकरवी दुसऱ्याच रोगाची लस शरीरात पोहोचवण्याच्या संशोधनाकडे म्हणूनच आशेने पाहिले जाते.

जिवंत जिवाणूंची लस नवी नाही. बाळाला जन्मतःच मिळणारी बीसीजी तशीच आहे. ती १९२१ मध्ये प्रथम वापरली गेली. अशा निरुपद्रवी जिवाणूत दुसऱ्या रोगजंतूचे जनुक घातले, तर तो त्या रोगजंतूचे प्रथिन तयार करतो आणि शरीर त्या रोगाशीही लढायला शिकते. टायफॉइडच्या ‘टीवाय २१ए’ या तोंडावाटे घ्यायच्या लसीतील दुर्बल साल्मोनेलावर असे प्रयोग बरीच वर्षे चालू आहेत.

पण या जंगलपट्ट्यात सिकलसेलही आहे. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि साल्मोनेलासारख्या जंतूंचा धोका वाढतो. हा जंतू सिकलसेलच्या रुग्णांच्या हाडांत शिरून बसतो, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. धडधाकट माणसाला न बाधणारा दुर्बल जंतू या मुलांनाही बाधणार नाही, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. शिवाय ‘टीवाय २१ए’ फ्रीजमध्येच ठेवावी लागते. म्हणजे सुई टळली, तरी शीतपेटी सुटत नाही.

म्हणून ही लस नाकारावी असे नाही. लसीच्या चाचण्यांतून आजारी माणसे सहसा वगळली जातात. मग लस बाजारात आल्यावर त्यांच्याबद्दल सांगायला कोणाकडेच काही नसते. इथे तसे होऊ नये. निरोगी प्रौढांत लस सुरक्षित ठरल्यावर सिकलसेलच्या रुग्णांसाठी स्वतंत्र, डॉक्टरांच्या देखरेखीखालील चाचणी व्हावी. तिची माहिती आणि संमती माडिया-गोंडी बोलीत असावी. दह्या-ताकातल्या लॅक्टोकॉकससारख्या, मुळातच रोग न करणाऱ्या जिवाणूंवरही लसवाहक म्हणून संशोधन चालू आहे. त्याला अधिक बळ मिळावे.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. त्यातील तपासणीची नोंद लसीकरणाच्या नोंदीशी आजच जोडायला हवी. कोणत्या मुलाला सिकलसेल आहे, हे लस देणाऱ्या हाताला आधी कळले पाहिजे.