सगळी खाती एकाच खिडकीत. पण किल्ली कोणाकडे?
मंडई परिसरातील गणेश मंडळांचा उत्सव आता मांडवाइतकाच मोबाइलवरही असतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप अशी सगळी खाती कार्यकर्त्यांनाच सांभाळावी लागतात. ‘फर्डियम’सारख्या मोफत डेस्कटॉप ॲपमध्ये ती एकाच खिडकीत उघडतात, सारखे लॉग-इन करावे लागत नाही.

सोय मोठी, पण जोखीमही तेवढीच. कार्यालयातला संगणक कोणीही हाताळत असेल, तर एका क्लिकवर सगळीच खाती उघडी पडतात. त्यामुळे ॲपला लॉक हवेच. फेसबुक पेजसाठी पासवर्ड वाटण्याऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र ॲक्सेस द्यावा. कार्यकर्ता बदलला की तो काढून घेता येतो. पूर्ण अधिकार मात्र किमान दोघांकडे असावेत.

देणगीची पेटी एकट्याच्या भरवशावर ठेवत नाहीत. मग वर्षानुवर्षे जमवलेले फॉलोअर्स का ठेवायचे?