शिकाऱ्याच्या हातीं लढाईची रायफल

लढाई संपली म्हणजे शिपाई घरीं जातो आणि त्याची बंदूक बाजारांत येते. दोन महायुद्धांनंतर इंग्रजांच्या ली-एनफील्ड, जर्मनांच्या माउझर, पुढें रशियनांच्या मोझिन-नगांत, अशा हातानें बोल्ट ओढून भरावयाच्या जुन्या रायफली अमेरिकेंत मोडीच्या भावानें विकल्या गेल्या. आज भाव चढले आहेत, तरी हरणाच्या शिकारीसाठीं त्यांस गिऱ्हाईक आहेच. ज्याच्या खिशास नवी रायफल परवडत नाहीं, त्यानें जुनी घेतली तर त्याला नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

१९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांचा खून टपालानें मागविलेल्या अशाच एका इटालियन लष्करी रायफलीनें झाला. दुर्बिणीसह तिची किंमत वीस डॉलरांच्या आंत होती. १९६८ च्या कायद्यानें टपालाच्या व्यापारास व परदेशी लष्करी मालाच्या आयातीस आळा घातला. कायद्यानें गिऱ्हाइकाची चौकशी केली. मालाची चौकशी मात्र गिऱ्हाइकावरच टाकली. गिऱ्हाइकानें सावध असावें हें तत्त्व कापडाच्या दुकानांत ठीक आहे. पण बोल्ट एका रायफलीचा व धड दुसरीचें असलें, तर काडतुसाच्या बुडाशीं केसाएवढी फट राहते, काडतूस मागें फुटतें, आणि हा दोष नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. खुद्द अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या १९०३ नमुन्याच्या, आठ लाखांखालील क्रमांकाच्या कित्येक रायफलींचें पोलाद ठिसूळ निघालें!

पण खरा प्रश्न गोळीचा आहे. शरीरांत शिरून पसरणारी गोळी १८९९ सालीं हेगच्या परिषदेनें युद्धांत निषिद्ध ठरविली. कलकत्त्याजवळील दमदमचें नांव त्या गोळीस चिकटलें तें कायमचें. म्हणून लष्करी गोळी सबंध धातूच्या कवचाची असते व आरपार निघून जाते. शिपायास ती दया, हरणास नव्हे. जखमी हरीण रानांत पळतें व झुडपांत तासन् तास तडफडतें. जी गोळी युद्धांत क्रूर, तीच शिकारींत दयाळू, असा हा उलटा न्याय आहे. आणि तो ओळखूनच त्या देशांतील अनेक राज्यांनीं मोठ्या जनावरांवर कवचाची गोळी झाडण्यास मनाई केली आहे. रायफल स्वस्त मिळाली म्हणून लष्करी काडतुसांची पेटीही स्वस्तांत उचलणारा शिकारी आपला पैसा वांचवितो खरा, पण त्याची किंमत जनावर भरतें. शिवाय जुन्या काडतुसांतील क्षार नळींत राहून ओल धरतो. तो तेलानें जात नाहीं, त्याच दिवशीं पाण्यानें धुवावा लागतो.

आमचें मागणें इतकेंच कीं, विक्रेत्यानें जाणत्या कारागिराकडून फट मोजून घ्यावी, त्याची सही असलेली चिठ्ठी रायफलीबरोबर द्यावी, आणि शिकारीचीं काडतुसें कोणतीं तें त्याच चिठ्ठीवर लिहावें.