अद्भुताला जामीनदार कशाला?

हे टिपण लिहिण्याचे निमित्त एक शेरा आहे. काही वर्षांपूर्वी एम. ए. मराठीच्या दुसर्‍या वर्षाला असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी विषय घेतला होता : फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या कादंबरीत्रयीतली लायरा आणि नागपंचमीच्या कहाणीतली धाकटी सून. मुलगी दिंडोरी तालुक्यातली. कहाणी आजीकडून ऐकलेली, लायरा मोबाइलवर इंग्रजीत वाचलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लायरावरचे प्रकरण वाखाणले आणि सुनेवरच्या प्रकरणाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिले, की ही नायिका सशक्त नाही, सबब तुलना टिकत नाही. त्यातला 'सबब' आम्हां दोघींना अजून खुपतो.

परीक्षकांचा दोष फारसा नाही. त्यांनी जे वाचले तेच लिहिले. कुमारवयीन वाचकांसाठीच्या अद्भुत कादंबर्‍यांची समीक्षा गेली पंधरा-वीस वर्षे बहुतांशी याच एका विशेषणावर चालली आहे. इंग्रजी वृत्तपत्रांतून ते आपल्या रविवारच्या पुरवण्यांत आले, पुरवण्यांतून चर्चासत्रांत, आणि चर्चासत्रांतून प्रश्नपत्रिकेत. नायिका धनुष्य चालवते, राजसत्तेला आव्हान देते, कोणा राजपुत्राची वाट पाहत नाही, म्हणून कादंबरी महत्त्वाची. यात कादंबरीविषयी काय सांगितले? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असा रकाना असतो, त्या जातीचे हे लेखन आहे. दाखला नायिकेला मिळतो, कादंबरी दाराबाहेर उभी राहते.

या मागणीमागची भूक मात्र खरी आहे, हे आधी मान्य करू. आम्ही वाढलो त्या काळात सावानातून, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयातून, घरी येणार्‍या पुस्तकांत गोट्या होता, फुरसुंगीचा बनेश फेणे होता. ना. धों. ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली, पण गावभर नाव झाले ते गोट्याचे. सायकलवरून चोरांचा पाठलाग करायचा तर आम्हांला मनातल्या मनात मुलगा व्हावे लागे. आम्ही ते विनातक्रार होत असू, याचे आज आश्चर्य वाटते. तेव्हा मुलींना स्वतःच्या नावाने साहस करता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आमचा आक्षेप त्या अपेक्षेला समीक्षेचा निकष करण्याला आहे.

शिवाय मराठीत या निकषाला एक वंशावळ आहे. आपल्या भाषेत अद्भुताला स्वतःच्या पतीवर कर्ज मिळत नाही, जामीनदार आणावा लागतो. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, 'रत्नप्रभा' १८६६ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. शीर्षकांतच स्त्रियांची नावे, आणि आत अद्भुताची रेलचेल. तेव्हा जामीनदार होता नीतिबोध. पुढे वास्तववाद आला आणि या सगळ्या कादंबर्‍यांची वाङ्मयेतिहासात एका परिच्छेदात बोळवण झाली. आम्हीही ती वर्गात तशीच करतो, आणि मग घड्याळाकडे पाहून हरिभाऊंकडे वळतो. नंतर विज्ञान जामीन राहिले. २०२१च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांना मिळाले, याचा आम्हांला आनंदच झाला होता. पण त्या दिवसांतल्या भाषणांत त्यांच्या कथांतल्या कल्पनाशक्तीपेक्षा विज्ञानप्रसाराचे आणि अंधश्रद्धानिर्मूलनाचे गोडवे अधिक होते, हेही आम्ही ऐकले. आता तिसरा जामीनदार सशक्त नायिका. तिने सही केली की जादू, बोलणारी अस्वले, पाताळ, सारे माफ. कल्पनेने काय साधले हा प्रश्न तिन्ही वेळा विचारायचा राहिला.

ज्या निकषाने आपण या कादंबर्‍यांना डोक्यावर घेतो तोच निकष 'पण लक्षात कोण घेतो?'ला लावून पाहावा. १८९०मध्ये 'करमणूक'मधून येऊ लागलेल्या त्या कादंबरीतली यमू काय करते? सोसते. तिचे केशवपन होते आणि ती ते थांबवू शकत नाही. दाखल्याच्या रकान्यात तिला भोपळा मिळेल. तरी शंभराहून अधिक वर्षे मराठी वाचकाला त्या प्रसंगाने जे अस्वस्थ केले, ते कोणत्या तलवारबाज राजकन्येने केले?

आणि उलट बाजूनेही पाहावे. ज्या गावाचे नाव एका स्त्रीच्या कापलेल्या नाकावरून पडले असे लोक सांगतात, त्या गावात बसून आम्ही हे लिहितो आहोत. तपोवनात तो प्रसंग मूर्तिरूपाने उभा आहे, यात्रेकरू त्यापुढे छायाचित्रे काढतात. शूर्पणखा अरण्यात एकटी फिरते, हवे ते रूप घेते, आपली इच्छा तोंडाने बोलून दाखवते, अपमान झाल्यावर खर-दूषणांचे सैन्य उभे करते. यादीतली एकूण एक कलमे ती पुरी करते. तिला सशक्त नायिका म्हणणारे परीक्षण आम्ही वाचलेले नाही. म्हणजे 'सशक्त' या विशेषणाच्या पोटात दुसरे विशेषण दडलेले आहे : आम्हांला पटेल अशी. मग तसे स्पष्ट म्हणावे, निकषाचा आव आणू नये.

या विशेषणाने सर्वांत मोठे नुकसान केले ते ज्यांची स्तुती झाली त्या कादंबर्‍यांचेच. सुझॅन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' २००८ साली आली. कॅटनिसच्या धनुष्यावर किती लिहिले गेले! पण धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः पुढे झालेल्या त्या मुलीला राजधानीत नेल्यावर काय होते ते पाहा. वेशभूषाकार तिला ज्वाळांचा पोशाख चढवतो, कॅमेर्‍यासमोर तिला प्रेम वठवावे लागते, कारण प्रेक्षकांना ती आवडली तरच मदत येणार. पुढल्या भागांत बंडखोरही तिचे प्रतीकच करतात. सशक्त नायिका कशी तयार केली जाते, कोणासाठी, आणि तीत त्या मुलीचे काय उरते, हाच या कादंबरीचा विषय आहे. तिच्या सशक्तपणाला टाळ्या वाजवणारा समीक्षक राजधानीतल्या प्रेक्षकांत जाऊन बसतो आणि त्याला ते कळतही नाही.

अर्सुला ल ग्विनने हा पेच आधीच ओळखला होता. 'द टूम्ज ऑफ अतुआन' (१९७१) मधली तेनार लहानपणीच अंधार्‍या देवतांची पुजारीण केली जाते, तिचे नावही काढून घेतात. ती बाहेर पडते तेव्हा विजयाचा नगारा वाजत नाही, मोकळेपण तिला ओझ्यासारखे वाटते. जवळपास वीस वर्षांनी, १९९०च्या 'तेहानू'त, ल ग्विनने त्याच तेनारला शेतकर्‍याची विधवा म्हणून आणले : प्रौढ, घरकामात बुडालेली, भाजलेल्या एका पोरक्या मुलीला सांभाळणारी. जादू तिच्याकडे नाही. अनेक वाचकांना ते रुचले नाही, पुस्तकाला नेब्युला पुरस्कार मिळाला तरीही. आम्हांला मात्र या मालिकेतले सर्वांत धाडसी पुस्तक तेच वाटते. ते कोणत्या यादीत बसवायचे?

आता लायराकडे येऊ, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीकडे. पुलमनच्या 'नॉर्दर्न लाइट्स'ला १९९५चे कार्नेगी पदक मिळाले, तिसर्‍या भागाला, 'द अंबर स्पायग्लास'ला, २००१चा व्हिटब्रेडचा सर्वोच्च सन्मान. तोवर लहानांच्या पुस्तकाला तो कधी मिळाला नव्हता. लायरा निडर म्हणून गाजली. परंतु तिची खरी विद्या खोटे बोलण्याची आहे, आणि तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना म्हणजे नकळत झालेला घात. मित्राला, रॉजरला, वाचवायला निघालेली ही पोर त्याला स्वतःच्या हाताने मृत्यूपाशी नेऊन पोचवते. तिसर्‍या भागात ती मृतांच्या देशात उतरते, ती त्याची क्षमा मागायला. तिथल्या पक्षिणी तिच्या थापांवर किंचाळून तुटून पडतात आणि खरे सांगू लागते तेव्हा शांत होतात.

कहाणीतल्या धाकट्या सुनेला माहेर नाही. सणाला सार्‍या जावा माहेरी गेल्या, ही नागालाच माहेर मानून बसली. शेषाला दया आली, तो मामा बनून तिला न्यायला आला. वारुळात, नागिणीच्या बाळंतपणात, हिच्या हातात दिवा होता. ती भ्याली, दिवा पडला, नागाच्या पिल्लांची शेपटे भाजली. ती मोठी होऊन सूड घ्यायला आली, तेव्हा ही सासरी त्यांच्याच नावाने, ते खुशाल असोत म्हणून, प्रार्थना करत होती. त्यांनी ती ऐकली आणि राग सोडला.

विद्यार्थिनीने लिहिले होते ते एवढेच : दोघी जमिनीखाली जातात, दोघींच्या हातून अजाणता इजा होते, दोघी ती विसरत नाहीत. अपराधाची जाणीव ठेवणे ही या दोन्ही कथांतली शक्ती आहे, आणि अद्भुताशिवाय ती अशी दाखवता आली नसती, कारण वास्तवात भाजलेली पिल्ले ऐकायला येत नाहीत. कहाणीत शेवटी सुनेला रत्नांचा हार मिळतो, व्रताचे माहात्म्य ठसवले जाते, स्त्रीने निमूट राहावे असे सुचवले जाते, हेही तिने नोंदवले होते आणि त्यावर टीकाही केली होती. इतके जाणते वाचन आम्ही एम. ए.च्या वर्गात क्वचित पाहिले आहे.

आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. तारीख जवळ आली होती. आम्ही तिला बोलावून म्हणालो, बाई, सुनेचे प्रकरण आटप, लायराच्या सशक्तपणावर चार पाने वाढव. तिने वाढवली. 'सशक्त' हा शब्द त्या चार पानांत इतक्या वेळा आला आहे, की वाचताना आम्हांलाच शरम वाटली. परीक्षकांनी चांगले गुण दिले, खाली मार्गदर्शक म्हणून आमची सही आहे. मूळ प्रत आमच्या कपाटात आहे. कोणाला वाचायची असल्यास तिला विचारून देऊ.