उपेक्षितांचा आवाज कोणाच्या भरवशावर?

अमेरिकी संसदेने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे ११० कोटी डॉलरचा निधी रद्द केला. या निर्णयाने नेमके काय धोक्यात आले, हे मारिया हिनोहोसा यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.

मेक्सिको सिटीत जन्मलेल्या आणि शिकागोत वाढलेल्या हिनोहोसा यांनी नॅशनल पब्लिक रेडिओ आणि ‘सीएनएन’साठी वार्तांकन केले. मात्र, त्यांची खरी ओळख ठरला तो ‘लॅटिनो यूएसए’ हा रेडिओ कार्यक्रम. २०२० च्या जनगणनेनुसार सहा कोटींहून अधिक असलेल्या लॅटिनो समाजाचे संगीत, साहित्य आणि स्थलांतराचे प्रश्न तीन दशके त्यातून मांडले गेले. स्थानबद्ध स्थलांतरितांच्या छळावरील त्यांचा ‘लॉस्ट इन डिटेन्शन’ हा माहितीपट २०११ मध्ये प्रसारित झाला.

२०१० मध्ये त्यांनी ‘फ्युचुरो मीडिया’ ही ना-नफा संस्था स्थापन केली. अल्पवयातील गुन्ह्यासाठी जन्मठेप भोगणाऱ्या कैद्यावरील तिच्या ‘सुआवे’ या ध्वनिमालिकेला २०२२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या मालिकेमागे हिनोहोसा यांचा त्या कैद्याशी असलेला दोन दशकांहून अधिक काळचा संपर्क होता. कैदी अथवा स्थानबद्ध स्थलांतरित हे जाहिरातदारांचे ग्राहक नव्हेत. त्यामुळे एवढा धीर व्यापारी वाहिन्यांच्या गणितात बसणे कठीणच.

स्वतंत्र संस्थेमुळे निर्मितीला आधार मिळतो. पण कार्यक्रम श्रोत्यांपर्यंत पोहोचतो तो स्थानिक सार्वजनिक केंद्रांमार्फत. महानगरांतील केंद्रांना देणगीदार मिळतील. सरकारी निधीवर अधिक विसंबलेल्या ग्रामीण केंद्रांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. वार्ताहराची निष्ठा कितीही मोठी असली, तरी प्रक्षेपण बंद पडल्यास तिचा उपयोग तो काय?